मोडीतला टोप

शुक्रवार हा माझा सुट्टीचा दिवस. त्या दिवशी लूमही बंद असतात, त्यामुळे भिवंडीची खडखड थांबते आणि सकाळी जाग आली की क्षणभर आपल्यालाच ऐकू येईनासं झालंय की काय असं वाटतं. बाकीचे सहा दिवस मी एका गोदामात रिटर्नच्या टेबलापाशी उभी असते. लोकांनी मोबाईलवर मागवलेलं आणि मग नको म्हणून परत पाठवलेलं सामान आमच्याकडे येतं. खोकं फोडायचं, आतली वस्तू उलटसुलट बघायची, बरी असेल तर एका ट्रॉलीत, खराब असेल तर दुसऱ्या ट्रॉलीत. नऊ तास. बसायला स्टूल आहे, पण त्यावर टेकलेली बाई सुपरवायझरला दिसली नाही असं आजवर झालेलं नाही. चोपन्नाव्या वर्षी हे काम म्हणजे पायांचा छळ आहे, पण त्यावर घर चालतं म्हणून करते.

अशा बाईने सुट्टीच्या दिवशी काय करावं? पाय वर करून पडावं. मी मात्र जेवणं आवरली की पिशवी घेते आणि जुन्या बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानात जाते. नवरा म्हणतो, "सहा दिवस लोकांनी परत केलेलं उघडतेस आणि सातव्या दिवशी लोकांनी टाकलेलं विकत आणतेस. जित्याची खोड!" तीस वर्षं लूमवर काढल्यामुळे त्याला कमी ऐकू येतं, म्हणून तो बोलतो ते अख्ख्या मजल्याला ऐकू जातं.

दुकान पुढून इतर दुकानांसारखंच आहे. स्टीलचे डबे, कुकर, नॉनस्टिकचे तवे. खरं दुकान मागच्या खोलीत. तिथे मोडीचा ढीग असतो. लोक जुनी तांब्यापितळेची भांडी आणून देतात, दुकानदार वजन करून त्यांच्या बदल्यात नवं स्टील देतो नाहीतर रोख देतो, आणि जमलेली मोड महिन्या-दोन महिन्यांनी टेम्पोत भरून वितळवायला जाते. टेम्पो यायच्या आत ढिगात हात घालायची परवानगी मला आहे. दुकानदाराला सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणते. मोडीच्या भावावर थोडे वर घेऊन ते मला हवी ती वस्तू देतात आणि दर वेळी म्हणतात, "ताई, ये सब जाके एक दिन पानी हो जाना है. जो बचाना है बचा लो."

त्या ढिगातून मी काय काय आणलंय! पितळेचा सोऱ्या, ज्याची चकली अजून काटेरी पडते. तांब्याचं घंगाळ. एक वेळणी, तिचा काठ इतका सुरेख वळवलेला की भात वाढून झाल्यावरही मी ती हातातच धरून बसते. काळवंडलेली वस्तू घरी आणायची, चिंच भिजवायची, मोरीत बसून घासायला लागायचं. आधी काळं पाणी, मग हिरवट, आणि मग एकदम कुठेतरी बोटाएवढा पिवळा तुकडा चमकून जातो. तो तुकडा दिसला की आठवड्याचा शीण उतरतो असं मी खोटं सांगणार नाही. शीण तसाच राहतो. पण शीण विसरायला होतं, आणि एवढं स्वस्तात मला दुसरीकडे कुठे मिळत नाही.

आणि भांड्यांवरची नावं. आमच्याकडे लेकीला भांडं द्यायचं तर नाव घातल्याशिवाय देत नाहीत. कोणाला, कोणाकडून, कोणत्या गावाहून, सगळं ठोक्या-ठोक्याने कोरलेलं असतं. ढिगातल्या प्रत्येक तांब्यावर, प्रत्येक परातीवर एकेक बाई असते. कोण असतील, कशाने त्यांनी ती मोडीत घातली असतील, असा विचार करत मी तासभर काढते. माझी समजूत अशी होती की मी त्यांच्यावर काहीतरी उपकार करते आहे. वितळून जाणारं नाव माझ्या घरी तरी राहतं, असं.

या समजुतीपायी माझ्या नणंदेचे दात गेले. तिचे स्वतःचे नव्हे, ते आधीच पडले होते. तिने मोठ्या हिकमतीने बसवून घेतलेले नवे दात गेले, आणि त्यांच्याबरोबर तिचं हसणं. ते मी घालवलं. हे लिहायला बसण्याआधी मी तिला फोन केला. ती म्हणाली, लिही, पण नाव घालू नको. म्हणून इथे कोणाचंच नाव नाही.

ही नणंद माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा ती घरातच होती. मी तिला बाय म्हणते, ती मला वयनी. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं आणि तिला अंबाडीच्या पुढे, वज्रेश्वरीच्या वाटेवरच्या एका गावात दिली. घरची भातशेती, वर मजुरी. पोटापुरतं पिकतं, हातात काही राहत नाही. बाय घरात सगळ्यात जास्त हसणारी होती. हसायला लागली की तिला थांबता यायचं नाही, मग पोट धरून खाली बसायची. माझी सासू ओरडायची, "दात दाखवू नको गं, लोकं काय म्हणतील!"

चाळिशी उलटल्यावर तिच्या हिरड्या सुजायला लागल्या. एकेक करत वरचे सगळे दात गेले, पुढचे आधी. तेव्हापासून ती बोलताना पदर तोंडावर धरायला लागली. हळूहळू बोलणंच कमी झालं. गेल्या दहा वर्षांतल्या कुठल्याही लग्नाचे फोटो काढून बघा, नातेवाइकांच्या रांगेत एक बाई तोंडावर पदर घेतलेली दिसेल. ती ही.

मागच्या वर्षी पाऊस ओसरल्यावर ती माझ्याकडे आली, नेमकी शुक्रवारी. म्हणाली, भिवंडीत दातांचा कॅम्प आहे, फुकटात कवळी बसवून देतात, चार-पाच वेळा यावं लागेल. मला आनंद झाला. कुठला कॅम्प, कोणाचा, हे मी विचारलंसुद्धा नाही. आठवड्याभराच्या ड्युटीने मी इतकी पिंजून निघालेली असते की दुसऱ्याच्या सुखाची चौकशी करायचंही अंगात त्राण नसतं. जेवून झाल्यावर तिला चाचांच्या दुकानात मात्र घेऊन गेले. माझा ढीग दाखवायचा होता ना! ती बराच वेळ नुसती उभी राहून बघत होती. मग तिने हळूच विचारलं, "ह्याचं पुढं काय करतात?" मी सांगितलं, वितळवतात. "सगळंच?" मी म्हटलं, सगळंच.

त्यानंतर ती येत राहिली, कधी बुधवारी, कधी गुरुवारी. मी ड्युटीवर असायची, घरी नवरा. यायची, पाणी प्यायची, कॅम्पला जायची आणि संध्याकाळच्या बसने परत. दिवाळीच्या आधी एका रात्री तिने मला व्हिडिओ कॉल केला आणि फोन तोंडासमोर धरून नुसती हसली. वरचे दात पांढरेशुभ्र, अगदी एका रेषेत. मी पण हसायला लागले. मग ती मोठमोठ्याने हसली आणि तिला थांबता येईना.

त्याच दिवाळीत भाऊबीजेला मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिची सासू कल्हईवाल्याला शिव्या घालत होती. म्हातारी ऐंशीच्या पुढची, पण मांडणीवरचं एकूण एक भांडं तिच्या ध्यानात. दसऱ्याला सगळी भांडी खाली काढून घासायची त्यांच्याकडे रीत आहे, आणि त्यात सूनबाईच्या माहेरचा मोठा पितळी टोप नव्हता. बायने सांगितलं होतं, आतली कल्हई उडाली होती, आमटी कळकायची, म्हणून अंबाडी नाक्यावरच्या कल्हईवाल्याकडे दिलाय. म्हातारी म्हणत होती, "एवढे दिस लागतात व्हय कल्हईला? त्यानं लांबवला बघ!" बाय चुलीपुढून उठली नाही. मी तिच्या दातांचं कौतुक करण्यात दंग होते.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी चाचांच्या दुकानात गेले तर ढिगावर एक मोठा टोप पालथा पडलेला. पाच शेर तांदूळ शिजेल एवढा. चाचा म्हणाले, असा जाड टोप आता कोणी बनवत नाही, कुणीतरी अख्खाच घेईल म्हणून इतके दिवस माळ्यावर ठेवला होता, पण सगळ्यांना ॲल्युमिनियम हवंय. मी तो सुलटा केला आणि गळ्यावरून बोट फिरवलं. पहिल्यांदा पोचा लागला. मग नाव.

तो पोचा मला ठाऊक होता. बायच्या लग्नाच्या दिवशी टेम्पोत चढवताना टोप माझ्या हातून निसटून दगडावर आपटला होता. सासूने वऱ्हाडासमोर मला झापलं होतं. आदल्या दिवशी तो राखेने मीच घासला होता, त्यावरची अक्षरं अजून धारदार होती तेव्हा. लेकीचं नाव, तिच्या आईचं नाव, आमच्या गावाचं नाव. सासू जाऊन बारा वर्षं झाली. आणि तिचं नाव इथे, भंगाराच्या ढिगावर.

क्षणात मी सगळं जुळवून टाकलं. कल्हईवाल्याने टोप विकला! माझं मन तेव्हा कसं फुलून आलं, काय सांगू. इतकी वर्षं मी अनोळखी बायांची नावं वाचवत होते, आणि आज घरचंच नाव हाताला लागलं. दोन दिवसांनी ढीग टेम्पोत गेला असता. चाचांशी घासाघीससुद्धा केली नाही. घरी आणून चिंच, मीठ, मग राख, असा दोन तास घासला. नवरा आला, बघितलं, म्हणाला, "तिला फोन करून सांग तरी!" मी म्हटलं, "छे! तिथे जाऊनच दाखवणार." मला तिचा चेहरा बघायचा होता. खरं सांगायचं तर सगळ्यांचेच चेहरे बघायचे होते.

पुढच्या शुक्रवारी तिच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी टोप जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि बस धरली. सहा-सात किलोचं ते ओझं मांडीवर घेऊन अंबाडीपर्यंत गेले, तिथून रिक्षा. गुडघे ओरडत होते, पण माझ्या डोक्यात एकच होतं.

ओटीवर वीसेक बायका बसलेल्या. बाय काळी साडी नेसून हळदीकुंकू लावत फिरत होती, गाळण्यांचं वाण देत होती. आणि हसत होती. शेजारणी तिला चिडवत होत्या, "नवं दात आल्यापासनं पाटलीन झालीस गं!" आणि ती पदर खांद्यावरच ठेवून, उघड्या तोंडाने, त्यांना उलट उत्तरं देत होती. तिला असं बघून वर्षं झाली होती. मी ते बघितलं, आणि तरीही मी पुढे झाले. ओटीच्या मधोमध गाठोडं ठेवलं, सोडलं आणि म्हटलं, "ओळखा बघू कोणाचा!"

बायका वाकून बघायला लागल्या. म्हातारी दाराशी बसली होती, ती सरकत पुढे आली. तिला कमी दिसतं. तिने काठावरून हात फिरवला, पोच्याशी थांबली. "ह्यो तर आपला टोप!" ती ओरडली. "कुठं गावला?"

मी सांगितलं. अगदी रंगवून सांगितलं. भिवंडीचं दुकान, मोडीचा ढीग, दोन दिवसांत वितळणार होता, मी कसा ओळखला. सांगताना मी एकदाही बायकडे बघितलं नाही. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या ना.

"म्हंजी त्या कल्हईवाल्यानं इकला!" म्हातारी म्हणाली. "मी म्हनत व्हते का न्हाय? घरात कोनी आयकत न्हाय माजं." तिने आत हाक मारली. बायचा नवरा बाहेर आला. गरीब माणूस, एरवी त्याचा आवाजही ऐकू येत नाही, पण आईने वीस बायकांसमोर पेटवल्यावर त्याला काहीतरी करणं भाग होतं. त्याने खुंटीवरची मोटरसायकलची चावी घेतली. नाक्यावर जातो, त्या कल्हईवाल्याला धरतो, चार लोकांसमोर विचारतो, असं म्हणत तो पायऱ्या उतरला. मला म्हणाला, "वयनी, तुमी बी चला. दुकानदाराला फोन लावा, कोन घेऊन आला व्हता ते इचारा."

मी फोन काढलासुद्धा. चाचांचा नंबर शोधायला लागले.

"थांबा," बाय म्हणाली. तिच्या हातात हळदीकुंकवाची कोयरी होती. "त्याला कायपन बोलू नका. त्यानं न्हाय इकला. मीच मोडीत घातला."

 म्हातारी म्हणाली, "तू? कशापायी?"

 बायचा डावा हात आपोआप वर गेला आणि पदर तोंडावर आला. मग कोणालाच काही विचारायची गरज उरली नाही. ओटीवरची प्रत्येक बाई तिच्या तोंडाकडे बघत होती. कुठलाही कॅम्प नव्हता, हे मलाही तेव्हाच कळलं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. बाकीच्यांसाठी तो विनोद असतो. त्या दिवशी मी त्या म्हणीच्या आत उभी होते आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. बायका गाळण्या घेऊन एकेक करत उठल्या. जाताना दोघी-तिघी टोपाला हात लावून गेल्या. म्हातारी बराच वेळ बोलत होती. आईच्या नावाचं भांडं विकून तोंड सजवलं, या वयात, लोक हसतील. स्वतः ती गेली पंचवीस वर्षं हिरड्यांनी भाकरी खाते, तिला दातांचं कसलं अप्रूप? नवरा पायरीवर बसून होता. तो फक्त एवढंच म्हणाला, "मला सांगायचं तरी."

बाय म्हणाली, "दोनदा सांगितलं व्हतं. तू म्हनलास, आता काय लग्नाला उबी ऱ्हायाची हायेस का."

 तेही खरंच असणार.

संध्याकाळी ती मला बसपर्यंत सोडायला आली. मी येऊ नको म्हणत होते तरी आली. वाटभर मी बोलत होते, चुकलं माझं, मला काय माहीत, मला वाटलं तुझ्या आईचं नाव आहे, वितळून जाईल. ती ऐकत होती. तिला माझा राग आला असता तर बरं वाटलं असतं. बस दिसायला लागल्यावर ती पदराआडून म्हणाली, "तो कवाच वितळला असंल असं मी धरून चालले व्हते. रडून बी झालं व्हतं माजं त्याच्यासाटी." आणि मग, "वयनी, फोन करायला काय झालं व्हतं तुला?"

 बसमध्ये बसायला जागा मिळाली आणि मी भिवंडीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आम्ही पोरींना लहानपणापासून शिकवतो. दुसऱ्याची झाकलेली मूठ बळेच उघडू नये, हे कोणी शिकवत नाही. किंवा शिकवलं असेल, मी ऐकलं नसेल.

त्यानंतर तिने दात घातले नाहीत. मला फोनवरच कळलं. बोलताना शब्द ओले यायला लागले, पूर्वीसारखे. मी विचारलं तर म्हणाली, "घातलं की समदी बगत्यात. टोपाकडं बगत्यात आन् मंग माज्याकडं." म्हातारीने टोप मांडणीवर मधोमध ठेवला होता. आल्यागेल्याला दाखवायची.

मी फेब्रुवारीत चाचांच्या दुकानाकडे फिरकले नाही. मार्चमध्येही नाही. शुक्रवारी जेवून झाल्यावर पडून राहायचे. नवऱ्याने एकदा विचारलं, "ढीग संपला काय?" मी काही बोलले नाही, तर त्याला वाटलं आपल्यालाच ऐकू आलं नाही, म्हणून त्याने परत विचारलं. थकवा तर इतका यायचा की वाटायचं, सुट्टीला काही करत होते तेव्हाच बरी होते. गोदामात एकदा मी एक कुकर चुकीच्या ट्रॉलीत टाकला, सुपरवायझर ओरडला, आणि मला तिथेच रडू आलं. कुकरसाठी नव्हे, पण त्याला कशाला सांगा.

मे महिन्यात एका शुक्रवारी मी तिच्याकडे गेले. रिकाम्या हाताने. मुद्दाम. दुपारची वेळ होती, ती चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, म्हातारी दारात बसलेली. नवरा कामावर. मी पाणी प्यायले, भिंतीला टेकून बसले. मांडणीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण दिसलाच. चकचकीत घासलेला.

म्हातारीने सुनेला काहीतरी विचारलं, सकाळी कोण येऊन गेलं वगैरे. बायने उत्तर दिलं. म्हातारीला कळलं नाही. बायने परत सांगितलं. तिसऱ्यांदा म्हातारी वैतागली. "काय पुटपुटतेस गं? एक अक्षर कळत न्हाय. घाल की ते दात तोंडात! डबीत घालून काय पूजा करायची हाय त्यांची?"

मी बायकडे बघितलं. तिने परातीच्या काठाला हात पुसले. इतकी सरळ ती परवानगी होती की मला वाटलं, झालं, सुटलो. म्हातारीने चार महिन्यांनी का होईना, आपल्या तऱ्हेने मिटवलं. बाय उठली, आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार वाजलं. बराच वेळ ती बाहेर येईना, म्हणून मी मागून गेले.

ती खिडकीशी उभी होती, हातात प्लॅस्टिकची डबी. तिने कवळी वर लावली, अंगठ्याने दाबली. ती खाली आली. परत लावली, जबडा घट्ट मिटून धरला, मग हळूच तोंड उघडलं. कवळी सुटून जिभेवर पडली. तिने ती काढली, पदराने पुसली आणि तिसऱ्यांदा लावून बघितली.

"बसत न्हाय," ती म्हणाली. "डॉक्टर बोलला व्हता, रोज घालायची, न्हायतर हिरड्या आखडतात. मंग परत माप घ्यावं लागंल."

मी म्हटलं, मग घेऊ परत माप. मी घेऊन जाते तुला. त्याच डॉक्टरकडे, पुढच्याच शुक्रवारी. नाहीतर मी सुट्टी टाकते. मी बोलत सुटले होते. घरात मी समजावते, तुझ्या नवऱ्याशी बोलते, सासूला सांगते, सगळ्यांना नीट पटवून देते, आता कोणी काही म्हणणार नाही, मी आहे ना.

तिने डबीचं झाकण लावलं. बाहेर चुलीवरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला होता, म्हातारी हाका मारत होती.

"येते मी," बाय म्हणाली. "सुक्करवारी येते. तू घरात कोनाला काय सांगू नको. समजावू नको, पटवू नको. तू फकस्त गप ऱ्हा." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "जमंल तुला?"

मी तोंड उघडलं, आणि मग मिटून नुसती मान हलवली.